अर्थिंगच्या खड्ड्याले पाणी

९ फेब्रुवारी

ही डायरी गाडीच्या शोरूमवाल्यानं फुकट देल्ली. म्हणे, ताई, रोज लिहून ठेवा. चार्जिंगला लावल्यावर लाइट हिरवा लागला का लाल, अन् गाडी किती किलोमीटर चालली. मी चौथी शिकली आहे. लाल-हिरवं लिहिता येते. जागा उरली तर बाकीचंही लिहीन. कोणाच्या बापाले वाचायले देणार नाही.

गाडी तीन चाकाची, बॅटरीची, मागं माल ठेवायचा डाला. आजपावतो गांधीबागेतून गाऊनचे गठ्ठे उचलायचे अन् ऑटोवाल्याच्या पाया पडत कोराडीच्या कॉलनीत विकायले न्यायचे. अकरा वर्षं पाया पडली. आता मीच ऑटो.

आमचे मारोतराव कोराडीले ड्युटीवर असतात. ते म्हणाले, "बावन्न वर्षाची झाली तू." मी म्हटलं, "गाडीनं विचारलं नाही, तुम्ही काहून विचारता?"

गाडी आणली तेव्हा पलीकडं कामिनी दारात उभी होती. पाहत होती. पाह्य.

११ फेब्रुवारी

लाइट: लाल. किलोमीटर: शून्य.

गाडीसंग आलेली वायर फ्रीजच्या सॉकेटात लावली. अंगण आत्ताच धुतलं होतं, पाय ओले. गाडीच्या दांड्याले हात लावला अन् असा झटका बसला की मी तीन हात मागं, गठ्ठ्यावर. दातावर दात वाजले. गठ्ठा नसता तर डोकं फुटलं असतं.

कामिनी तिच्या ओट्यावर तांदूळ पाखडून राहिली होती. तिच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ सांडला. हसली असंल. हसतानी हात ढिले पडतात माणसाचे.

१३ फेब्रुवारी

शोरूमवाल्याले फोन केला. म्हणे, "ताई, भिंतीवरचा चार्जर घ्या. सात किलोवॅटचा. सगळं मोबाइलवर दिसते."

"मोबाइलवर काय दिसते? झटका?"

त्यानं फोन ठेवला.

मग गोलू वायरमनले बोलावलं. नावाले गोलू, काटकुळा माणूस, दोन पोरींचा बाप. गाडीचा कागद वाचला अन् म्हणे, "मावशी, सात किलोवॅट घेऊन काय करता? तुमची गाडी घेतेच तीनच्या आत. बाकीचं नुसतं भिंतीवर टांगून राहील. लहान डबा घ्या, सोळा अँपियरचा. पण मीटरपासून वेगळी लाइन टाकू, तांब्याची, चार एमएमची. तिले वेगळा एमसीबी, अन् झटका बसायच्या आत बंद करते ते बटन. अन् मीटरचा लोड वाढवायचा अर्ज द्या."

मग त्यानं फ्रीजचं सॉकेट खोललं अन् मले जवळ बोलावलं. "तीन भोकं दिसतात? दोनातून करंट येते-जाते. तिसऱ्याच्या मागं पाहा."

मागं काहीच नव्हतं. वायरच नाही.

"रिकामं. शोभेचं आहे. तुमच्या अख्ख्या घराले अर्थिंग नाही, मावशी."

"ते कायले असते?"

"चुकार करंट जमिनीत नेऊन गाडायले. अर्थिंग नसलं का तो तुमच्या अंगातून जमिनीत जाते."

हे मले एका फटक्यात समजलं. शाळेत कधी एवढं समजलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

आज लाल-हिरवं काही नाही. गाडी उभी. म्हणून कामिनीचं लिहून घेते.

कामिनी माझी दिराणी, धाकटी जाऊ. दोन भावांची दोन घरं, मधात एक अंगण, अंगणाच्या मधात कमरेएवढी भिंत. आम्ही दोघी चौदा वर्षं बोललो नाही. काही सांगायचंच असलं तर भांड्याले सांगतो. ती हातातल्या गंजाले म्हणते, "नळ आला बापा." मी बादलीले म्हणते, "ऐकू आलं." माणसाशी बोलतानी 'गा' नाहीतर 'वं' लावा लागते; भांड्याले गा नाही अन् वं नाही. काम होते, तोंड खराब होत नाही.

तिचा धाकटा पियूष. अडीच वर्षाचा होता. दिवसभर माझ्याच मांडीवर. मले मोठी आई म्हणता येत नव्हतं त्याले, मोती आई म्हणे. त्या दिवशी माझ्या हातची खिचडी खाल्ली, दोनदा मागून खाल्ली. संध्याकाळी ताप चढला. दवाखान्यात पोचायच्या आधी गेला.

तिसऱ्या दिवशी ही केस मोकळे सोडून गल्लीत उभी राहिली अन् माझ्याकडं बोट दाखवून ओरडली, "इनं खाऊ घातलं! इनं करणी केली माह्या लेकरावर!"

मी म्हटलं नाही केलं. शंभरदा म्हटलं. तेव्हापासून मले कोणाची हळदीकुंकवाची बोलावणी नाही, ओटी नाही, बारसं नाही. गल्लीतल्या बाया मले पाहून लेकराच्या तोंडावर पदर घेतात. गाऊन मात्र माझ्याजवळूनच घेतात, उन्हात धुतले तरी रंग जात नाही म्हणून.

तिनं एका वाक्यात माझं नाव खाल्लं. मी तिले सोडणार नाही. कसं ते माहीत नाही अजून.

२ मार्च

लोड वाढवून मिळाला. आज गोलू खड्डा खोदायले आला.

अंगणात सगळीकडं फरशी. मोकळी माती फक्त भिंतीच्या टोकाशी, जिथं भिंत संपते अन् दोन्ही घरचं पाणी वाहते तिथं. अर्धं आमचं, अर्धं त्यांचं. गोलू म्हणे, "इथंच. ओल राहते इथं." एक गडी संग होता, त्यानं माणूसभर खोल खोदलं. मधात लोखंडाचा पाइप उभा केला. मग कोळशाचा थर, मग खडेमिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर पाणी टाकायले नरसाळं.

कामिनी ओट्यावर आली. मीठ पाह्यलं, कोळसा पाह्यला, खड्डा पाह्यला. तोंड पांढरं पडलं. तिनं परातीले विचारलं, "बापा, हे काय गाडून राहिले अंगणात?"

अन् माझ्या डोक्यात लाइट लागला. हिरवा.

मी बादली उचलली अन् बादलीले सांगतलं, हळू, पण तिले ऐकू जाईल असं, "जे गाडायचं होतं ते गाडलं. आता याले रोज पाणी पाहिजे. वाळू दिलं का उठते. उठलं का ज्यानं पहिले नाव घेतलं होतं त्याच्याच घरी जाते."

गोलू माझ्या तोंडाकडं पाहत राह्यला. मी त्याले डोळ्यानं चूप केलं.

परात तिच्या हातात तशीच राह्यली. काय सांगू किती बरं वाटलं. चौदा वर्षं खरं बोलली तर मानलं नाही. आज पहिलं खोटं बोलली तर एका दमात मानलं.

गोलू जातानी तिच्या फाटकाजवळ दहा मिनिटं उभा होता. तिनं पंखा पाहायले बोलावलं म्हणे. पंखा उन्हाळ्याआधी सगळ्याच पाहून घेतात.

३ मार्च

लाइट: हिरवा. किलोमीटर: एकतीस.

डबा भिंतीवर बसला. दांड्याले हात लावून पाह्यला. काही नाही. पुन्हा लावला. गोलू हसला. "मावशी, आता करंट तुम्हाले विचारत नाही, सरळ खाली जाते." मग म्हणे, "पण उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. आपल्याकडची माती तव्यासारखी तापते. वाळलं तर हा डबा लाल होईल, गाडी चार्ज नाही करणार. अन् अर्थिंगच नसलं तर त्या बटनाचा काय भरोसा."

मी म्हटलं, "पाण्याची सोय झाली."

७ मार्च

हिरवा. अडतीस.

झाली सोय! सकाळी गाडी काढतानी आरशात पाह्यलं. कामिनी बादली घेऊन भिंतीच्या टोकाशी. नरसाळ्यात पाणी टाकून राहिली, हळू हळू, जसं पोराले अंघोळ घालतात. मी रस्त्यानं एकटीच हसली. सिग्नलवर एक पोलीस पाहत होता, त्याले म्हटलं, "काय पाहता, गाडी बॅटरीची आहे."

१९ मार्च

हिरवा. बेचाळीस.

कामिनी रोज टाकते. मी एक दिवस नाही टाकलं. पाहू द्या कशी घाबरून राहिली. आज तिनं खड्ड्याभोवती विटा लावल्या, वर एक फुटकी फरशी झाकली, उन्हानं वाळू नये म्हणून. झाकून ठेव, बाई. झाकल्यानं ते जात नसते.

६ एप्रिल

हिरवा. चाळीस.

नळ आता एक दिवसाआड. माझ्या घरी ड्रम आहे. तिच्या घरी दोन हंडेच. तरी खड्ड्याले बादली चुकत नाही. तिचा डावा गुडघा सुजलेला आहे, बादली उचलली का पाय फेकत चालते. पाय फेकत आली, पाय फेकत गेली. मी खिडकीतून सगळं पाह्यलं.

बरं वाटलं. बरं वाटलं असंच लिहिते, कारण इथं खोटं कोणासाठी लिहू.

१८ एप्रिल

हिरवा. चव्वेचाळीस.

कोराडीच्या बाजारात माल संपला. येतानी गाडी रिकामी, पळत आली. घरी आली तर मारोतराव म्हणतात, "कामिनीले सांग न, काही करणी-फिरणी नाही म्हणून. बिचारी या उन्हात बादल्या ओढून राहिली."

"बिचारी?"

"बरं, बिचारी नाही."

"चौदा वर्षात मले कोणी बिचारी म्हटलं का? तुम्ही म्हटलं?"

ते चूप बसले. त्यांच्या चूप बसण्याचंही एक दिवस पाहणार आहे मी. पहिले कामिनी.

३० एप्रिल

हिरवा. आज अखजी, अक्षय तृतीया, बाजार बंद, गाडी उभी.

घरोघरी मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. कामिनीच्या ओट्यावर सासऱ्याची मोठी घागर अन् तिच्या बाजूले एक लहान डेरी, हाताएवढं मडकं. दरवर्षी असते. मी कधी तिकडं पाहत नाही. आज पाह्यलं. पूजा झाली अन् तिनं ती लहान डेरी उचलून खड्ड्याजवळ आणली. त्यातलं पाणी नरसाळ्यात टाकलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत वाकून उभी राहिली.

म्हणजे आता ती त्या खड्ड्याले देवासारखी मानून राहिली. भीती माणसाले कुठं नेते पाहा.

जेवण गेलं नाही आज. गर्मी फार.

९ मे

लाल. किलोमीटर: शून्य.

कामिनी दोन दिवस कुहीले मयुराच्या सासरी गेली. मयुरा तिची पोरगी, सातवा महिना चालू आहे. मी गठ्ठ्यांच्या नादात पाण्याचं विसरलीच. सकाळी पाहते तर डबा लाल, गाडी रातभर उपाशी. एवढा मोठा बाजार हातचा गेला. गोलूले फोन केला तर म्हणे, "पाणी टाकलं का?" मी म्हटलं, "ती गावाले गेली." तो हसून म्हणे, "अस्सं. मंग तुम्हीच टाका न, मावशी." दात काढायले काय झालं त्याले.

संतापाच्या भरात टाकलं नाही. तिचं काम, ती करंल.

१० मे

कामिनी दुपारच्या बसनं आली. शेहेचाळीस डिग्री. फाटकातून आत आली, डब्याचा लाल लाइट दिसला अन् थैली तिथंच टाकली. चप्पल नाही काढली, पाणी नाही पिलं. तीन बादल्या टाकल्या, एकामागं एक. मग भिंतीले टेकून डब्याकडं पाहत उभी. लाइट हिरवा झाला तेव्हा गंजाले म्हणाली, "झाला बापा हिरवा."

तिले लाल-हिरवं कसं समजते? मी तर कधी सांगतलं नाही. पण भेलेल्या माणसाले सगळं दिसते.

तिचे ओठ वाळून पांढरे झाले होते. मी आतून तांब्या भरला. भरला अन् स्वतःच पिली.

१६ मे

हिरवा. छत्तीस.

मयुरा आली, पोट सांभाळत. पायऱ्या चढू नको म्हटलं तरी चढली. "मोठी आई, परवा माझं डोहाळजेवण आहे. तू ये. आईनं पाठवलं."

"आईनं?"

"हो. म्हणे, मोठ्या आईले तूच जाऊन सांग, भांड्यानं सांगायची गोष्ट नाही ही."

चौदा वर्षात पहिलं बोलावणं. मी समजली. भीती वाढली आहे. पोरीचं पोट समोर, अन् अंगणात खड्डा. मले खूश करून राहिली.

येते म्हटलं. अन् रात होईपर्यंत सगळं ठरवलं. आता कसं ते माहीत आहे.

सगळ्या बाया बसल्या का, कुहीची विहीण चारुशीलाबाईही पाटावर बसली का, मी मधात उभी राहीन. म्हणन, "बायांनो, माझ्या अंगणात काय गाडलं आहे ते माहीत आहे का? पाच किलो मीठ, दहा किलो कोळसा, एक पाइप. सरकारी नियमाचं अर्थिंग. अन् या बाईनं अडीच महिने त्याले देवासारखं पाणी घातलं. हिची अक्कल एवढी. अशा अक्कलेच्या बाईनं चौदा वर्षाआधी मले करणीवाली म्हटलं अन् तुम्ही मानलं." बस. एवढंच. तिच्या विहिणीसमोर. गल्लीत उभं राहून जसं तिनं केलं तसंच.

तीनदा पाठ म्हटलं. मारोतराव म्हणाले, "काय पुटपुटून राहिली?" म्हटलं, "चार्जिंग करून राहिली."

१८ मे

सकाळी. हिरवा.

चांगलं लुगडं काढलं. मयुरासाठी हिरवा ब्लाउजपीस, गाडीवर विकायचा नाही तो, माझ्या पेटीतला. नारळ, तांदूळ. ओटीचं सामान खरं पाहिजे. बाकी काम त्याच्यानंतर.

२० मे

परवाचं आज लिहिते. काल हात चालला नाही.

मांडवात पंचवीसेक बाया होत्या. मयुरा झोपाळ्यावर, फुलांचे दागिने. मी आत गेली तर गडबड थांबली. सिंधूताई, जी त्या दिवशी गल्लीत कामिनीच्या खांद्याले धरून उभी होती, तिनं आपल्या नातवाच्या तोंडावर पदर घेतला. मले तेच पाहिजे होतं. अंगात जोर आला.

ओटी भरायची वेळ झाली. कामिनी कुंकवाची वाटी घेऊन उभी राहिली. कोणाचं नाव घेते म्हणून सगळ्या पाहून राहिल्या. मी तिले तोंड उघडू देल्लं नाही. मधात गेली अन् म्हटलं, "थांबा. पहिले एक सांगायचं आहे. माझ्या अंगणातल्या खड्ड्यात मीठ आहे अन् कोळसा आहे. गाडीच्या करंटचं काम आहे ते. अन् या बाईनं करणी समजून..."

"मले माहीत आहे, जाऊबाई."

कामिनी बोलली. गंजाले नाही, परातीले नाही. माझ्याकडं पाहून. जाऊबाई म्हटलं.

"काय माहीत आहे?"

"मीठ अन् कोळसा. गोलूनं पहिल्याच दिवशी सांगतलं. तुम्ही बादलीले म्हटलं ते ऐकलं, म्हणून त्याले फाटकाशी थांबवलं. तो म्हणे, काकू, वाळलं तर मावशीले झटका बसंल." तिनं वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एकदा बसलेला म्या पाह्यला होता."

माझ्या तोंडात पुढचं तयार होतं. तीनदा पाठ केलेलं. ते तसंच राह्यलं. गठ्ठ्याची गाठ सुटावी अन् आत माल नसावा, तसं झालं.

चारुशीलाबाई म्हणाल्या, "म्हणजे? कोणी सांगाल का मले?"

कामिनी म्हणाली, "पहिली ओटी मोठ्या जावेची. भरा, जाऊबाई."

तेव्हा सिंधूताई बाजूच्या बाईले म्हणाली, पण सगळ्यांले ऐकू गेलं, "पहिली? इच्या हातानं? कामिनी, विसरली का वं?"

कामिनी वाटी पाटावर ठेवून तिच्याकडं वळली.

"नाही विसरली. त्या दिवशी माह्या पियूषले शेवटचा घास इनंच भरवला. मी तर कामाले गेली होती. उपाशी नाही गेला माझा. दोनदा मागून, पोटभर जेवून गेला." मग म्हणाली, "मी जे गल्लीत ओरडली ते खोटं होतं. इथं जेवढ्या तिथं होत्या त्यांनी ऐकून घ्या."

मयुरानं पदर पसरला होता, तो तसाच पसरलेला. माझे हात आपोआप चालले. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. तांदूळ थोडा खाली सांडला. मयुरा म्हणाली, "राहू दे मोठी आई, मी वेचन." सात महिन्याचं पोट घेऊन वेचन म्हणे.

जेवली नाही. घरी आली अन् दार लावलं.

२१ मे

हिरवा. गाडी काढली नाही.

मले राग आहे. कोणावर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाहते.

चौदा वर्षं जपलं होतं मी. उन्हाळा-हिवाळा जपलं. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, तेही भरल्या मांडवात, मी उघडायच्या आधी. मी एवढी मोठी शिक्षा ठरवली अन् ती बाई रोज सकाळी बादली घेऊन येऊन ती शिक्षा स्वतःच भरून राहिली होती. मी खिडकीतून पाहून हसत होती. कोण पागल झालं त्यात?

अन् तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी देल्ली नसती. तेवढं तरी माझ्या हातात राहिलं असतं.

गोलूले फोन करून शिव्या घातल्या. तो म्हणे, "मावशी, काकूंनी शपथ घातली होती सांगू नको म्हणून. म्हणे, तिले वाटू दे मी भेली म्हणून. तेवढं तिचं माझ्याकडं निघते."

मी फोन ठेवला. मग गेल्या तीन महिन्याची पानं वाचली. सूप पडलं होतं ते वाचलं. हसतानी हात ढिले पडतात, असं लिहिलं आहे मी. तांदूळ सांडला होता तेव्हाही.

ती लहान डेरी. ते पान पुन्हा वाचायचं नाही.

२३ मे

एकोणचाळीस.

आज सकाळी मुद्दाम पाणी टाकलं नाही. पाहते म्हटलं. आता तर तिचं काही निघत नाही माझ्याकडं. सगळ्यांसमोर फेडून बसली. आता कायले टाकंल?

कोराडीच्या कॉलनीत दोन बायांनी पोरं पुढं केली, "हिले फ्रॉक दाखवा न, जिजाबाई." सिंधूताईची भाची होती त्यातली एक. बातमी गाडीच्या आधी पोचली. पोरीच्या अंगाले फ्रॉक लावून पाह्यला. तिच्या तोंडावर कोणी पदर घेतला नाही. पोरगी माझ्या नाकातली नथनी ओढत होती, ओढू देल्ली.

चार वाजता घरी आली. ऊन असं की भिंतीले हात लावता येत नव्हता. गाडी उभी केली अन् वायर न लावता पहिले भिंतीच्या टोकाशी गेली. खड्ड्यावरची फरशी उचलली.

ओलं होतं. आत्ताच टाकलेलं, वाफ निघून राहिली होती. फरशीवर ओल्या पावलाचे ठसे तिच्या दारापर्यंत. एक सरळ, एक फेकलेलं. एक सरळ, एक फेकलेलं.

तिची बादली भिंतीवर पालथी घातलेली. आतून भांडे घासायचा आवाज येत होता. मी बादलीले म्हटलं, मोठ्यानं, "गुडघा मोडून मरशील एखाद्या दिवशी. उद्यापासून मी टाकन. ऐकून राहिली का वं?"

भांड्यांचा आवाज थांबला.

बादलीले वं कोणी म्हणत नाही. तोंडातून निघून गेलं.

मग आतून आवाज आला, "मंगळवारी मी. बाकीचे दिवस तुम्ही."

"मंगळवारीच काहून?"

"मंगळवारी गेला पियूष. त्याचा वार तो."

मी गाडीकडं गेली. वायर लावली.

लाइट: हिरवा.